उरलेलं आणि उरवलेलं

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी ईश्वरपुरात (पूर्वीचं इस्लामपूर), किंवा वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही गावात, पहिली पोळी तव्यावर पडायच्या कितीतरी आधी स्वयंपाकघरात एक लहानसं काम उरकलेलं असतं. हरभऱ्याची डाळ बोटानं चेपेल इतकी शिजली की ती चाळणीवर उपसतात आणि खालच्या पातेल्यात उतरलेलं पिवळसर, किंचित दाट पाणी झाकून बाजूला ठेवतात. पुण्याकडं त्याला कट म्हणतात. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या पट्ट्यात ते येळवणी. डाळीत गूळ पडतो, तिचं पुरण होतं, पुरणाची पोळी होते, ती आधी बैलाला आणि मग घरच्यांना मिळते. येळवणीची पाळी नंतर येते. दुपारच्या ताटात तिची आमटी वाढली जाते, रात्री तीच भातावर येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात भाकरी कुस्करून न्याहारी होते. सणाच्या स्वयंपाकातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, जवळजवळ फुकटचीच. आणि दुसऱ्या दिवशी तळ खरवडला जातो तोही हिच्याच पातेल्याचा. सणानंतर उरलेल्या अन्नाचं काय करावं या प्रश्नाचा विचार या पातेल्यापासून सुरू करावा, कारण त्या घरानं तो प्रश्न सणाचं पहिलं ताट वाढायच्या आधीच सोडवलेला असतो.

मराठीत 'उरणं' आणि 'उरवणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. उरतं ते आपोआप. उरवतं ते माणूस. उरलेल्याच्या पाककृती सांगणारं बहुतेक लेखन दुसऱ्या दिवशी सकाळी, फ्रिजचं दार उघडल्यावर सुरू होतं. समोर चार चपात्या, वाटीभर भाजी, डबाभर भात आणि अर्धा कोरडा पडलेला शिरा असतो आणि आता यातून काहीतरी चविष्ट करायचं असतं. त्या वेळेपर्यंत महत्त्वाचे निर्णय हातून निसटलेले असतात. भाजीत ओलं खोबरं पडलेलं असतं, भात चार तास उघडा राहिलेला असतो, रश्शाच्या पातेल्यात दहा जणांचा डाव फिरलेला असतो. अशा अन्नातून निघतो तो पदार्थ निव्वळ नाइलाजाचा, आणि घरातली माणसं तो नाइलाजानंच खातात. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की सणाच्या दुसऱ्या दिवसाचं सुखाचं आणि स्वस्तातलं जेवण दुसऱ्या दिवशी तयार होत नाही. काय उरवायचं, किती आणि कुठल्या अवस्थेत, हे पहिल्या दिवशी ठरवलं तरच ते जमतं. चव, आरोग्य, पैसा आणि माणसाचा मान या चारही बाजूंनी पाहिलं तरी निष्कर्ष हाच निघतो.

आधी चव. येळवणीत काय असतं ते पाहिलं की तिची आमटी दुसऱ्या दिवशी का खुलते ते कळतं. डाळ भरपूर पाण्यात शिजताना तिच्यातला काही स्टार्च, पाण्यात विरघळणारी काही प्रथिनं आणि खनिजं त्या पाण्यात उतरतात. डाळ उकळताना वर जो पांढरा फेस येतो तो याच प्रथिनांचा. २०१४-१५ च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी स्वयंपाक्यांच्या लक्षात आलं की काबुली चण्याचं असं पाणी घुसळलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं, आणि मग तिकडं त्या पाण्याला नवं नाव आणि नवी बाजारपेठ मिळाली. आपल्याकडं अशा पाण्याचा उपयोग आमटी दाट करण्यासाठी झाला. आमटीला अंग येतं ते या स्टार्चमुळं आणि वरून कालवलेल्या सुपारीएवढ्या पुरणाच्या गोळ्यामुळं. त्यात कांदा-लसणाची चटणी, भाजून वाटलेलं सुकं खोबरं, चिंच आणि गूळ पडतो. मसाल्यांचा वास बराचसा तेलात विरघळणारा असतो. वेळ मिळाला की तो सगळ्या पातेल्यात पसरतो, तिखट, आंबट आणि गोड एकमेकांत मुरतात. चिंचेच्या आंबटपणामुळं आमटी टिकायलाही थोडी मदत होते. पण हे सगळं घडायला मूळ वस्तू कोरी असावी लागते. येळवणी गाळली त्या क्षणी तिच्यात ना गूळ असतो ना तिखट. तिचं काय करायचं याचे सगळे रस्ते खुले असतात, आणि म्हणूनच ती उरवण्याजोगी असते.

हीच पद्धत सणाच्या दुसऱ्या टोकाला, मटणाच्या जेवणातही दिसते. गावच्या जत्रेत गोड नैवेद्य झाला की खाऱ्या जेवणाचा दिवस येतो. या भागात मटण आधी हळद, मीठ आणि आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवतात. मसाला न पडलेल्या त्या रसाला अळणी म्हणतात. याच अळणीतून एकीकडं चटणी आणि वाटण घालून तांबडा रस्सा होतो, दुसरीकडं नारळाचं दूध घालून पांढरा. मटणाचं सुकं वेगळं परततात आणि लहान मुलांना, आजाऱ्याला वाटीभर अळणी नुसतीच पाजतात. एका पातेल्याचे चार पदार्थ होतात, पण ते चार वाटांनी जायच्या आधी सगळ्यांचं मूळ एकच असतं. दुसऱ्या दिवसासाठी काही राखायचं असेल तर ते याच टप्प्यावर राखावं हे उघड आहे. थोडी अळणी आणि शिजलेल्या चार फोडी लगेच गार करून ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी त्यात तांदूळ शिजवता येतो किंवा घरात असलेल्या चटणीवर ताजा रस्सा करता येतो. उरलेला पांढरा रस्सा मात्र पुन्हा उकळला की नारळाचं दूध फुटतं, पाणी आणि चोथा वेगळे होतात, आणि कितीही ढवळलं तरी ते जुळत नाही. येळवणी आणि अळणी यांतून एक नियम हाती येतो: मसाला, ओलं खोबरं, दही पडण्याआधीची वस्तू राखायची, पडल्यानंतरची त्याच दिवशी संपवायची.

भाकरी आणि चपातीची गोष्ट थोडी वेगळी, पण तीही याच नियमाला धरून आहे. ज्वारीचं पीठ उकळीच्या पाण्यात मळतात तेव्हा त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. भाकरी निवली की तोच स्टार्च पुन्हा घट्ट रचनेत बसू लागतो आणि भाकरी वातड होते. ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात आणखी वेगानं होते, म्हणून मऊ राहावी या आशेनं भाकरी फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे तिला लवकर शिळी करणं. तिला एकतर ओलावा परत द्यावा, नाहीतर आहे तोही काढून घ्यावा. पहिल्या वाटेनं दूध-भाकरी, ताकात कुस्करलेली भाकरी, रश्शातला काला हे सगळे प्रकार येतात. दुसऱ्या वाटेनं सोलापूरची कडक भाकरी येते: मुद्दाम वाळवलेली, महिनोन्महिने टिकणारी आणि आता पाकिटातून विकली जाणारी. शिळेपणाचा जो दोष होता तोच तिथं माल झाला. चपातीचा चुरा करून कांदा-मिरचीची फोडणी दिली की कुणाकडं त्याला कुस्करा म्हणतात, कुणाकडं कुटके, कुणाकडं माणिकपैंजण. नावं इतकी आहेत त्यावरूनच पदार्थ किती घरांत रुजलाय ते समजावं. तोच चुरा गूळ-तुपात मळला की मलिदा. पिराला नैवेद्य म्हणून हाच मलिदा ताज्या चपात्यांचा करतात. देवाला चालणारा पदार्थ आणि शिळ्याची सोय म्हणून केलेला पदार्थ यांत रूप आणि चव एकच असेल, तर दुसऱ्याला हलकं मानण्याचं कारण उरत नाही.

बाकीच्या पदार्थांचा हिशेब झटपट करता येईल. पुरण उरलं आणि ते घट्ट असेल तर कडबू, दिंडं किंवा दुधात सैल करून खीर. फ्रीजरमध्ये ते कित्येक दिवस राहतं. पोळ्या उरल्या तर तुपावर खरपूस भाजून गुळवणीबरोबर दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा बऱ्या लागतात, कारण पुरण पोळीत मुरलेलं असतं. गौरीच्या नैवेद्याच्या चार-पाच सुक्या भाज्या एकत्र कुस्करून भाजणीत मळल्या की थालीपीठ; त्यात वेगळं तिखट-मीठ फारसं लागत नाही. भजी आमटीत किंवा कढीत सोडावीत. दिवाळीच्या फराळाच्या डब्यांच्या तळाशी जो चिवड्या-शेवेचा आणि मोडक्या चकल्यांचा चुरा राहतो तो मटकीच्या उसळीवर घातला की मिसळीला वेगळं फरसाण आणावं लागत नाही. करंजीचं उरलेलं सारण चपातीत भरून भाजता येतं. गुलाबजामच्या पाकात पीठ भिजवून शंकरपाळी करता येतात. आणि कोशिंबीर, दही घातलेलं रायतं, ओल्या नारळाची चटणी यांच्यासाठी कुठलीही युक्ती शोधू नये. ती मुळात थोडी करावीत आणि पंगतीतच संपवावीत.

आता पैशाचं. एक किलो डाळ साडेतीन-चार लिटर पाण्यात शिजवली तर डाळीनं पोटात घेऊन दीड-दोन लिटर येळवणी हाती येते. आठ-दहा माणसांची दोन वेळची आमटी त्यात होते, आणि तिच्यासाठी वेगळी तूरडाळ शिजवावी लागत नाही. डाळ वाचते, ती शिजवायचा गॅस वाचतो, लागते ती फक्त फोडणी. पण ही बचत आपोआप होत नाही, हे गेल्या काही वर्षांत बदललेल्या सवयींवरून दिसतं. कुकरात मोजक्या पाण्यात डाळ शिजवली की येळवणी निघतच नाही. पुरणपोळ्या बाहेरून विकत आणल्या तर पोळी घरी येते आणि येळवणी करणाऱ्याकडं राहते. मग सणाच्या ताटात आमटी हवीच म्हणून तूरडाळ वेगळी शिजते. वेळ वाचतो हे खरं, आणि ज्या घरात वेळ हीच टंचाई आहे तिथं तो व्यवहार योग्यही असेल. पण पोळीची किंमत ठरवताना न मिळालेल्या आमटीची किंमत त्यात धरली पाहिजे. उलट बाजूनंही सावध राहावं लागतं. उरलेल्याचे वडे, कटलेट, तळलेले रोल असे पदार्थ बचतीच्या नावाखाली सुचवले जातात. चार रुपयांचा भात वाचवायला त्यात बेसन, बटाटे, पावाचा चुरा आणि कढईभर तेल खर्चायचं असेल तर ती बचत नाही, नवा स्वयंपाक आहे. साधी कसोटी अशी ठेवावी: उरवलेल्या वस्तूत वरून घातलेला माल मूळ वस्तूपेक्षा महाग पडता कामा नये.

घराबाहेरचा हिशेब याहून मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळपास ६० टक्के घराघरांतून गेलं. हॉटेलं आणि दुकानं त्याच्या मागं. भारतातल्या घरांसाठी त्यात दर माणशी वर्षाला ५५ किलोचा अंदाज आहे. पाच जणांच्या कुटुंबाला तो पावणेतीन क्विंटल होतो. या आकड्यात साली, देठं, हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, त्यामुळं तो पूर्ण नासाडीचा आकडा म्हणून वाचू नये. तरीही दिशा स्पष्ट आहे: अन्न वाया जाण्याचं मोठं ठिकाण मंगल कार्यालय नसून आपलं स्वयंपाकघर आहे. कार्यालयात उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी भारतात २०१९ पासून वेगळे नियम आहेत, संस्था आहेत. घरातल्या वाटीभर भाजीसाठी नियम करणारं दुसरं कुणी नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ येतो: इतका विचार करण्यापेक्षा कमीच करावं. रोजच्या स्वयंपाकाला हा सल्ला पूर्ण लागू आहे. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं वाटी-चमच्याचं माप मराठी घरांत रुजवलं. चार माणसांना किती वाट्या तांदूळ लागतात हे ठाऊक असलेल्या घरात रोजचा भात उरू नये. पण सणाचं आणि जत्रेचं गणित या मापात बसत नाही, कारण खाणारे किती हेच आधी ठरलेलं नसतं. जत्रेला पै-पाहुणा न सांगता येतो आणि त्यानं तसं यावं अशीच अपेक्षा असते. शेजारी ताट जातं, शेजारचं ताट येतं. लेकीच्या सासरी पोळ्यांची दुरडी जाते, रानातल्या गड्याच्या घरी वानवळा जातो. सणाला जास्तीचं करणं हा अंदाज चुकल्याचा परिणाम नसतो. उंबऱ्यातून कुणी उपाशी परत जाऊ नये याची ती तरतूद असते. तरतूद म्हटलं की ती कधीकधी शिल्लक राहणारच. ती काढून टाकली तर सण उरत नाही, फक्त जेवण उरतं. म्हणून कमी करा या सल्ल्यापेक्षा जास्तीचं अशा रूपात ठेवा की पाहुणा आला तर वाढता यावं आणि नाही आला तर टिकावं, हा सल्ला जास्त उपयोगाचा आहे. पोळ्या सगळ्या लाटून न ठेवता काही पुरण गोळा करून ठेवणं, सगळ्या अळणीचा रस्सा न करणं, भाताचा दुसरा डबा पंगत बसल्यावर गॅसवर चढवणं, इतक्यानं बरंच साधतं.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो जास्त गंभीर आहे. शिळ्या अन्नातून विषबाधा होते ही भीती खोटी नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळण्यानं मरत नाहीत आणि भात तासन् तास कोमट राहिला की रुजतात. त्यांचं एक विष असं आहे की नंतर भात कितीही परतला तरी नष्ट होत नाही. म्हणजे सकाळी फोडणी देऊन रात्रीची चूक दुरुस्त होत नाही. मटणाच्या मोठ्या पातेल्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा दुसरा जंतू वाढतो, कारण वीस लिटरचं पातेलं आतून निवायला अख्खी रात्र लागते. दोन्ही ठिकाणी दोष शिळेपणाचा नाही, सावकाश निवण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम सोपे आहेत: शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, ठेवायचं तर ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावं, आणि पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७० अंशांच्या वर न्यावं. घरात थर्मामीटर नसतो; म्हणून रस्सा-आमटी खळखळून उकळावी हा त्याचा मराठी अर्थ. पूर्वी चुलीच्या वैलावर आमटी तासन् तास वाफाळत राहायची, तेव्हा गरम ठेवण्याचा नियम आपसूक पाळला जायचा. गॅसला वैल नसतो, म्हणून थंड ठेवण्याचा नियम पाळावा लागतो. मोठ्या पातेल्यातलं अन्न पसरट भांड्यांत वाटून घ्यावं, ती थंड पाण्याच्या परातीत ठेवावीत, वाफ गेली की फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवावं. पुन्हा गरम करायचं तेही लागेल तेवढंच. हे सगळं पंगत उठल्यावर, पाय दुखत असताना सुचत नाही. उरवायचा भाग आधीच वेगळा काढलेला असेल तरच ते जमतं.

आरोग्याच्या आक्षेपाला जोडून शास्त्राचाही आक्षेप येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं अन्न तामस म्हटलंय हे खरं आहे. पण परंपरा एका वाक्यात संपत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्याला मनाई करतानाच तूप-तेल घालून केलेल्या पदार्थांना सूट दिलेली आहे. तळलेल्या, कोरड्या पदार्थांत पाणी कमी म्हणून ते उशिरा नासतात, हे निरीक्षण त्यामागं असावं. आणि श्रावणात शिळासप्तमी येते तेव्हा चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशीचं खायचं, असं व्रतच आहे. ओडिशात रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, म्हणजे पखाळ, हा तिथल्या माणसाच्या अभिमानाचा पदार्थ आहे. २० मार्चला त्याचा दिवस साजरा होतो. इटलीतल्या तस्कनी प्रांतात शिळा पाव आणि आदल्या दिवशीचं भाज्यांचं सूप एकत्र उकळून केलेल्या पदार्थाचं नावच 'पुन्हा उकळलेलं' असं आहे, आणि ते आज नामांकित हॉटेलांत मिळतं. बंदी आणि सूट दोन्ही एकाच संस्कृतीत नांदतात, कारण दोन्हींचा रोख एकाच गोष्टीवर असतो: दुर्लक्षानं शिळं झालेलं वेगळं आणि जाणतेपणानं ठेवलेलं वेगळं.

तिसरं म्हणणं खेड्यातलं: उरलं तर म्हशीला घालावं, वाया कुठं जातं? कृष्णा आणि वारणेच्या मधल्या या ऊसपट्ट्यात गोठे भरपूर, त्यामुळं हे म्हणणं वर्षानुवर्षं खरंही होतं. पण ईश्वरपूरसारख्या शहरात आता कितीतरी घरं अपार्टमेंटमध्ये आहेत. तिथला खरकट्याचा डबा घंटागाडीत जातो. आणि ज्यांच्याकडं जनावर आहे त्यांनीही जपून राहायला हवं. शिजलेलं धान्य, पोळ्या, गूळ हे पदार्थ एकदम जास्त पोटात गेले तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, प्रसंगी जनावर दगावतं. बेंदूर-पोळ्याच्या सुमारास बैलांना हा त्रास होतो, म्हणून नैवेद्यापुरतीच पोळी घालावी असं पशुवैद्य सांगतात. ज्याच्या नावानं सण, त्याच्याच पोटात सणाची शिल्लक ढकलणं त्याला झेपत नाही.

शेवटचा आक्षेप स्वयंपाकाचा नाही, माणसांचा आहे, आणि तो टाळून उरलेल्याचं कौतुक करणं अप्रामाणिक ठरेल. महाराष्ट्रात शिळं-पाकं, उष्टं-खरकटं हे शब्द नुसते अन्नाचे नाहीत. गावकीच्या व्यवस्थेत सण झाल्यावर उरलेली भाकरी कुणाच्या पदरात पडायची हे जातीनं ठरलेलं होतं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि फेकलेले उष्टे तुकडे सोडायला सांगितलं, तेव्हा तो आहाराचा सल्ला नव्हता, माणूस म्हणून उभं राहण्याची पहिली पायरी होती. याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे 'फकिरा'त दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक उभा करतात. तो शिळ्याची भीक मागत नाही. घराच्या आतही असाच एक उतरंडीचा क्रम आहे. ताजी भाकरी पुरुषांना आणि मुलांना, आणि सकाळची उरलेली तिला, जिनं ती थापली. बचतीचं सगळं पुण्य एकाच ताटात जमा होणार असेल तर त्याला काटकसर म्हणता येत नाही.

या आक्षेपाला पाककृतीनं उत्तर देता येणार नाही, पण उरवण्याच्या पद्धतीनं देता येतं. द्यायचं ते पंगतीच्या आधी, ताजं, घरात वाढतो त्याच प्रतीचं द्यावं. वानवळा सकाळी जातो, रात्री नाही. राखायचं ते स्वतःच्या घरासाठी, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या ताटात सारखं पडलं पाहिजे. सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या कीर्तनानंतर जो काला वाटतात त्यात कुणाची शिदोरी कुणाच्या वाट्याला आली हे कळत नाही, आणि म्हणूनच तो कुणाला कमीपणाचा वाटत नाही. कुस्करा असो की थालीपीठ, घरातल्या कर्त्यानं तो तितक्याच आवडीनं मागून खाल्ला तर तो पदार्थ ठरतो. एकटीनं ओट्याशी उभ्यानं खाल्ला तर ते शिळंच राहतं. निवड, निववणं, झाकणं, डब्यावर दिवस लिहिणं ही कामंही एकीच्याच अंगावर पडू नयेत, कारण त्यांना पाककौशल्य लागत नाही, फक्त लक्ष लागतं, आणि ते घरातल्या कुणाकडंही असू शकतं.

म्हणून सणानंतर फ्रिज उघडून काय करता येईल असं विचारण्याऐवजी सणाच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात: कुठली वस्तू कोरी काढून ठेवायची, ती कुठल्या भांड्यात किती वेळात गार करायची, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांनी मिळून कशाबरोबर खायची. एवढं ठरलं की पाककृती घरोघरच्या चवीप्रमाणं आपल्या आपण सुचतात, आणि त्या सुचल्या नाहीत तरी आमटी-भाकरी असतेच. येळवणी गाळून ठेवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागलं नाही. पोळीसाठी डाळ शिजत घालतानाच ती पाण्याचं माप थोडं जास्त धरते, कारण दोन्ही दिवसांचं जेवण तिनं एकाच पातेल्यात मोजलेलं असतं.